दुखत नाही

दुखत नाही, सिस्टर,
लुसुंगु म्हणतो आणि भिंतीवरच्या पालीकडे बघत राहतो.
कुलपाची किल्ली मुठीत.
बाहेर त्याची काबाझा उभी आहे,
मागच्या गादीवर फुलाफुलांचं रेक्झिन,
त्यावर बसून बायका बाजाराला जातात.

मला माहीत आहे दुखत नाही.
दुखलं असतं तर पहिल्याच आठवड्यात आला असतास.
वाटाण्याएवढा व्रण, कडा टणक, मध्ये स्वच्छ,
नव्या सदऱ्याच्या बटणासारखा.
थोड्या दिवसांनी आपणहून जाईल,
आणि तू म्हणशील, सुंठीवाचून खोकला गेला.
गेलेला नसतो.
आत राहायला आलेला असतो,
भाडं न देता, दिवा न लावता.

चिंडोको म्हणतो आम्ही त्याला.
दार लोटून घेतलं की मगच म्हणतो.

संमतीचा कागद चिचेवा भाषेत आहे, चार पानं.
मी वाचून दाखवते.
'लस' या शब्दाशी तो हात वर करतो, शाळेतल्यासारखा.
मला मिळेल?
नाही.
म्फात्सोला?
नाही. अजून बनलेलीच नाही.
मग?

याचं उत्तर चारही पानांवर नाही.
मी त्याला सांगते ते मला पडद्यावर दिसणाऱ्या एका बाईनं सांगितलंय,
तिच्या खिडकीबाहेर नेहमी बर्फ असतं.
हा जंतू नुसत्या काचेत जगत नाही,
त्याला सशाच्या पेशी लागतात, ऊब लागते,
आणि एकाचे दोन व्हायला दिवस उलटून जातो.
तेवढ्या वेळात दुसरे जंतू गाव वसवतात.
अंगावर ओळखीची खूण जवळजवळ नाही,
रक्तातल्या पहारेकऱ्यांना ताकास तूर लागू देत नाही.
असलेल्या खुणाही बदलतो,
बहुरूप्याची जात.
कधीच बदलत नाही अशी एखादी शिवण
ती बाई सात वर्षं शोधते आहे.
लिलाँग्वेचा हवा आणि आमच्या गावचाही, ती म्हणाली,
नाहीतर लस इथे चालेल, तुमच्याकडे नाही.
नेहमीसारखं, मी म्हणाले.
ती हसली. मग हसायची थांबली.

लुसुंगु ससा या शब्दावर अडकलाय.
आमच्या गावी खातात, म्हणतो.
मग एकदम,
सिस्टर, मार्चमधलं बाळ?

मार्चमध्ये मीच होते.
सातवा महिना. हातपाय पूर्ण होते, नखंसुद्धा.
म्फात्सोच्या चितेंजेत गुंडाळलं,
निळ्यावर पिवळे मासे.
रजिस्टरमध्ये मी लिहिलं, कारण अज्ञात.
तपासणीच्या पट्ट्या जानेवारीतच संपल्या होत्या.
अज्ञात हा शब्द माझ्या अक्षरात
फार सुबक आला आहे.

तो बोटांवर महिने मोजतो.
एकदा. पुन्हा एकदा, दुसऱ्या हातावर.
मी मध्ये बोलत नाही.

तिला उद्या घेऊन ये, मी शेवटी म्हणते,
न भांडता आण.
मग कापसाची काडी व्रणावर फिरवते,
जे पाझरतं तेच हवंय.
नळी बंद, नाव नाही, नुसता आकडा.
मग पालथं झोपवून पेनिसिलिन,
जाड सुई, घट्ट औषध, सावकाश.
आता तो ओरडतो.
पाल पळते.

बर्फाचा डबा भरला. तळ्याकाठून चांबो मासा आणतात
तसलाच निळा डबा, झाकणाला चिकटपट्टी.
साडेचार वाजले, प्रकल्पाची मोटरसायकल आली नाही,
डिझेल नाही, पेट्रोल नाही, फोन लागत नाही,
आणि आमच्या फ्रिजची वीज दुपारपासून गेलेली.

मी नेतो, लुसुंगु म्हणतो.

फुलाफुलांच्या गादीवर डबा बांधला,
रबरी ट्यूबचे तीन वेढे.
स्वतःचाच तो प्रवासी मागे घेऊन
तो उभ्यानंच पॅडल मारत निघाला,
बसता येत नव्हतं.
फाटकाशी थांबला, वळून ओरडला,
भाडं कोण देणार, सिस्टर?

जॅकरांडाची फुलं चाकाखाली चिरडत होती.
मी हात वर केला, म्हणजे मी,
किंवा म्हणजे जा लवकर.
त्यानं काय समजायचं ते समजून घेतलं.